वाढत्या अंगाचा स्केटबोर्ड

"एक नंबर मोठं दाखवा," मास्तर म्हणाले, आणि भिंगरीने डोळे मिटून घेतले.

मास्तर म्हणजे तिचे बाबा. शाळेचे गणवेश शिवण्यात त्यांची हयात गेली होती, आणि पोर आज आहे तेवढीच उद्या राहील यावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. त्यांच्या हातचा कपडा पहिल्या वर्षी पोत्यासारखा लोंबायचा, दुसऱ्या वर्षी बरा दिसायचा आणि अंगाला नीट बसायला लागला की विटायचा. गिऱ्हाइकं खूश होती. भिंगरीला मात्र जन्मात एकही गोष्ट तिच्या मापाची मिळाली नव्हती.

रविवारी मैदानावर मुलींचा स्केटबोर्डचा वर्ग सुरू होणार होता. "तिथे तरी माझं हसं नको व्हायला," असं ती आईला म्हणाली होती. आईने ते मास्तरांच्या कानावर घातलं, पण तेव्हा मशीन चालू होतं.

"काका, हेल्मेट डोक्याला घट्ट बसावं लागतं," खेळांच्या दुकानातली मुलगी म्हणाली. तिच्या कोपरावर ताजी खपली होती, तेव्हा ती ऐकीव बोलत नसावी. "आणि हा बोर्ड हिच्या पावलांच्या मानाने फार रुंद आहे. वळवता येणार नाही हिला."

"वाढतं अंग आहे हो."

"पण ती पडणार आत्ता आहे ना?"

"पडेल कशाला? रुंद बोर्ड म्हणजे उभं राहायला ऐसपैस," मास्तर म्हणाले. पोरीला पुढे काही कमी पडू नये एवढीच त्यांची इच्छा होती. त्या इच्छेपायी हेल्मेट, गुडघ्यांचे पॅड आणि बोर्ड असं सगळं एकेक नंबर मोठं होऊन घरी आलं.

घरी हेल्मेट भिंगरीच्या नाकापर्यंत उतरलं. मास्तर डगमगले नाहीत. मोठ्याचं लहान करणं हा तर त्यांच्या हातचा मळ. त्यांनी हेल्मेटमध्ये फोम कोंबला, पॅडना दुहेरी इलॅस्टिक मारलं. बोर्डला टाके घालता येईनात, तेव्हा पाना घेऊन चाकांच्या दांड्यांचे नट करकचून आवळले. सैल काम त्यांना बघवत नसे.

संध्याकाळी इमारतीमागच्या उतारावर तालीम झाली.

"गुडघे वाकव."

"वाकत नाहीयेत, बाबा."

इलॅस्टिकने पाय असे आवळले होते की भिंगरी मिटलेल्या कात्रीसारखी ताठ उभी होती. बोर्ड पुढे गेला, भिंगरी जागच्या जागी बसली आणि हेल्मेट फिरून त्याची मागची बाजू पुढे आली.

"लागलं का गं?" वरून खिडकीतून आईने विचारलं.

"नाही," हेल्मेटच्या आतून उत्तर आलं. मग तिने एकेक वस्तू काढली, पायरीवर नीट मांडून ठेवली आणि म्हणाली, "उद्या मी जाणार नाही."

ती रडली असती तर मास्तरांनी समजूत घातली असती. पण ती रडली नाही, तेव्हा त्यांनी पायरीवरचं हेल्मेट उचललं.

"अगं, वस्तू उत्तम आहे. थांब, मीच दाखवतो." त्यांनी इलॅस्टिक उसवलं, फोम उपसला आणि सगळा सरंजाम अंगावर चढवला. तो इतका चपखल बसला की क्षणभर त्यांनाच बरं वाटलं. मग ते बोर्डवर चढले.

उताराने आपलं काम केलं. मास्तर डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले, पण बोर्ड वळेना; नट त्यांनीच आवळले होते. बोर्ड नाकासमोर दोन स्कूटरांच्या मधून गेला, माळ्याने कडेला रचलेल्या पाल्याच्या ढिगाला भिडून थांबला आणि मास्तर आत गेले.

"नट थोडे सैल करायला हवेत," ढिगातून आवाज आला.

भिंगरी धावत आली. ते धडधाकट आहेत हे बघून तिचा जीव भांड्यात पडला. मग ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

"तुम्हाला किती छान बसलंय सगळं," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच हेवा वाटला होता.

मास्तर पाल्यातून लगेच उठले नाहीत. साऱ्या गावाच्या पोरांची मापं घेतली आणि घरच्या पोरीचं आजचं माप कधी बघितलंच नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

"चल, दुकान उघडं असेल," ते म्हणाले.

खरचटलेलं सामान दुकानाने परत घेतलं नाही. नव्या सामानासाठी दुकानातल्या मुलीने टेप काढली, तशी मास्तरांची जीभ सवयीने वळवळली. त्यांनी ती चावली.

"आजच्या मापाचं द्या," ते म्हणाले.

रविवारी मैदानावर नवशिक्या मुलींची रांग लागली. रांगेच्या शेवटी खरचटलेलं हेल्मेट घातलेला एक मध्यमवयीन गृहस्थ उभा होता. चांगली वस्तू नुसती पडून राहणं मास्तरांना सोसणारं नव्हतं.

भिंगरी पहिल्याच फेरीत पडली. पण त्याच वेळी मास्तर इतके सविस्तर पडले की तिच्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. ती उठली, गुडघे वाकवले आणि पुन्हा निघाली. परत येताना ती चक्क वळली. मास्तर अजून उठतच होते.

"हे कोण गं?" शेजारच्या मुलीने हसू दाबत विचारलं.

भिंगरीने क्षणभर विचार केला. मग बोर्ड थांबवून तिने त्यांना हात दिला.

"माझे बाबा आहेत," ती म्हणाली. "शिकतील हळूहळू."