बाटलीच्या पोटातलं फूल

बाटलीचा फोटो काढायचा म्हणजे बाटलीचा काढायचाच नसतो, असं कानाएने सासूबाईंना सकाळीच ऐकवलं होतं. "काच दिसतच नाही, आई. काचेत पडलेला उजेड दिसतो. तो सांभाळला की झालं. अर्ध्या तासाचं काम!"

शिझुएबाईंनी मान डोलावली. नात इतो जन्मायच्या आधी सून शहरातल्या स्टुडिओत बाटल्यांवर उजेड पाडायला जायची, आणि त्यासाठी तिला पगारही मिळायचा, याचं त्यांना अजून नवल वाटे. इतो झाल्यावर स्टुडिओचे साहेब म्हणाले होते, "आता घरच सांभाळा." ते वाक्य कानाएच्या घशात दोन वर्षं माशाच्या काट्यासारखं अडकून होतं.

आणि आता काम चालून आलं होतं. चार पिढ्या सोया सॉस करणाऱ्या ओकुदासाहेबांनी आल्याचं सरबत काढलं होतं. नवं लेबल लावलेली एकच बाटली तयार होती, ती त्यांनी तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांवर आणून दिली. चार वाजता ते फोटो बघायला येणार. जमला तर पुढच्या बारा सरबतांचे फोटो कानाएचे. नाही जमला तर तिच्या जुन्या स्टुडिओचे.

घरात स्टुडिओचे दिवे नव्हते, पण बैठकीचं शोजी होतं. कागदाच्या त्या सरकत्या दारावर ओसरीकडून ऊन पडलं की अख्खं दार दुधासारखं उजळायचं. त्याची चौकट बाटलीवर खिडकीसारखी उमटायची. स्टुडिओत अशी खिडकी उमटवायला ते दिव्यांवर पट्ट्या चिकटवत बसायचे! कानाएने बुटक्या मेजावर पांढरा कागद अंथरला, बाटलीच्या मागे चंदेरी कागद ठेवला, कडा उठून दिसाव्यात म्हणून दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उभ्या केल्या. गारव्याचे थेंब ओघळू नयेत म्हणून पाण्यात ग्लिसरीन घालून फवारलं आणि ग्लिसरीनची बाटली स्टुलावर चढून कपाटाच्या वर, तिचा स्वतःचा हातही पोचणार नाही इतकी वर ठेवली. डास बाटलीवर बसू नयेत म्हणून शेजारी उदबत्ती लावली.

मग घर शांत झालं. दोन वर्षांचं मूल असलेल्या घरात शांतता हे काही चांगलं लक्षण नव्हे.

पक् !

बाटलीच्या पोटावर एक लख्ख ठिपका उगवला. इतो शोजीत घुसलेलं आपलं बोट कौतुकाने बघत होती.

"कागदाला हात नाही," असं बजावून कानाएने तिला कोपऱ्यातल्या उशीवर नेऊन बसवलं. बाटली इकडे सरकवली, ठिपका तिकडे सरकला. शेवटी शिझुएबाई म्हणाल्या, "त्यात काय? फूल लावते." भोकावर पाच पाकळ्यांचं कागदी फूल कापून डकवायचं, ही त्यांची हातखंडा कला. इतोला काखोटीला मारून त्या ओसरीवर गेल्या आणि बाहेरच्या बाजूने फूल डकवलं. आता बाटलीवर नुसता ठिपका नव्हता. ठिपक्याभोवती फूल होतं.

तीन वाजून गेले होते. चारला ऊन डोंगराआड जायचं. फुलाचं नंतर बघू म्हणून कानाएने कॅमेऱ्याला डोळा लावला, तर बाटलीत आणखी कोणीतरी! तिचाच पिवळा ॲप्रन. स्टुडिओत यासाठी सगळे काळे कपडे घालत. घरात डोक्यापासून पायापर्यंत काळं असं एकच होतं, मयताला जायचा पोशाख. तिने तो चढवला.

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या हामादाकाकू वांगी घेऊन दारात आल्या. समोर काळ्या पोशाखातली सून, पांढऱ्या कागदाचं मेज, वर धुराची रेघ. शिझुएबाई कुठेच नाहीत. काकूंच्या हातून वांगी गळाली. घरी धावत जाऊन त्या जपमाळ घेऊन आल्या आणि मेजासमोर बसल्या.

"काल तर मला लोणचं देऊन गेल्या हो," त्या हुंदका देत म्हणाल्या.

कानाएचं लक्ष कॅमेऱ्यात. बाटलीत आता काकूही दिसत होत्या. शोजीवर शिझुएबाईंची सावली पडली होती, हातात कात्री. "आई, तुम्ही बाजूला व्हा," कानाए सावलीला म्हणाली. "तुम्ही दिसताय."

काकूंनी वर पाहिलं. सावली म्हणाली, "कोण आलंय गं?"

काकूंनी कपाळ चटईला टेकवलं ते टेकवलंच. आणि कानाएला दिसलं की काकू बाटलीतून नाहीशा झाल्या आहेत!

"काकू, तशाच राहा!"

काकूंचा उठायचा विचारच नव्हता.

ओकुदासाहेब दहा मिनिटं आधी आले. शोकाच्या कपड्यातली बाई, जमिनीला कपाळ लावून थरथरणारी दुसरी, आणि पुढे उदबत्तीच्या धुरात त्यांचं सरबत. साहेबांचा चेहरा बाटलीइतका हिरवा पडला. क्षणात ते काकूंच्या शेजारी पालथे झाले.

"आमच्या सरबताने कोणाला काही झालं असेल, तर चार पिढ्यांच्या वतीने क्षमा मागतो."

"कोणी उठू नका," कानाए म्हणाली, आणि बटण दाबलं. मागोमाग ऊन गेलं.

मग शोजी सरकलं, इतोला घेऊन शिझुएबाई आत आल्या, आणि काकूंना शुद्धीवर आणायला तीच सरबताची बाटली उघडावी लागली. साहेब फोटोकडे बराच वेळ बघत होते. बाटलीच्या पोटावर पाच पाकळ्यांचं फूल उमललं होतं, मधोमध इवलासा लख्ख ठिपका.

"हे कसं केलंत? शहरातल्या स्टुडिओत असं कधी पाहिलं नाही."

"एक पद्धत आहे," कानाए खाली बघत म्हणाली.

"बाराही बाटल्यांवर हवं."

पुढच्या आठवड्यात दुसरी बाटली आली. दरम्यान शिझुएबाईंनी त्या ठिगळाला ओशाळून सगळ्या शोजींना कोरा कागद लावला होता. नुसतं फूल डकवून भागेना, मधला ठिपका पडेना. कानाएने स्वतःच्या बोटाने भोक पाडून पाहिलं, तर फुलाचा पार सूर्य झाला. ठिपका दोन वर्षांच्या बोटाचाच हवा होता.

"इतो," तिने लाडात बोलावलं, "इथे बोट घाल बघू. पक्!"

इतोने दोन्ही हात पाठीमागे घेतले. आईच्या बोटाकडे पाहिलं, भोकाकडे पाहिलं.

"कागदाला हात नाही," ती म्हणाली, आणि कानाएचा हात धरून तिला कोपऱ्यातल्या उशीवर नेऊन बसवलं.

ओकुदासाहेब चारला येणार होते.