रूपला नाईक निघाले

कुठलीही नवी वस्तू दिसली की रूपला नाईक आधी तिच्याभोवती एक चक्कर मारत आणि मग विचारत, "हे बैलावर चढते काय?"

चढत असेल तर वस्तू चांगली, नसेल तर अडगळ. आमच्या फुलसावंगीच्या शाळेत सागवानी कपाट आलं, तेव्हा नाईक ते बघायला तांड्यावरून मुद्दाम आले. दार उघडून पाहिलं, लावून पाहिलं आणि मला म्हणाले, "फसले तुमी, मास्तर. निघाची पाळी आली तं हे डोक्यावर घ्याल काय?" शाळा कुठे निघणार, असं मी विचारलं, तर त्यांनी माझी अशी काही कीव केली की मीच ओशाळलो. फळा मात्र त्यांनी पास केला.

खरं तर तांड्याचं बैलांवर धान्य-मीठ लादून मुलूखभर फिरणं त्यांच्या आज्याबरोबरच संपलं होतं. नाईकांचं स्वतःचं वावर होतं, मुलानं कौलारू घर बांधलं होतं. तरी रोज सकाळी अंगणात उभं राहून ते जाहीर करत, "आज दिवस चांगला हाय निघायले!" सून आतून म्हणे, "चहा घ्या अन् वावरात जा."

महाराष्ट्र राज्य नुकतं झालं होतं. त्या सुमारास शेतीचे प्रयोग दाखवायला एक परदेशी साहेब गावात राहायला आले. डेन्मार्क नावाच्या देशातले. बरोबर मॅडम आणि दोन लहान लेकरं. साहेब रमले, मॅडम काही रमेनात. ऊन, धूळ आणि दारात सदानकदा बघ्यांची जत्रा. शेवटी लेकरांना घेऊन पुढच्या आठवड्यात शुक्रवारी आपल्या देशी परत जायचं, असं त्यांनी ठरवलं. साहेबांनी मोडक्या हिंदीत मला हे सांगितलं, तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. जायच्या आधी एक रविवार, तिकडे काढतात तसा, सगळ्यांनी उघड्यावर काढायचा, एवढं मॅडमनी कबूल केलं. दुभाष्या म्हणून मलाही बोलावलं.

रविवारी सकाळी सतरंजी, भांडी, टोपली आणि लेकरं बैलगाडीत चढली. नेमके नाईक रस्त्यात उभे. अंथरूण, भांडी आणि लेकरं एकदम घराबाहेर पडली, याचा त्यांच्या लेखी एकच अर्थ होता.

आम्ही नाल्याकाठी सतरंजी पसरतो न पसरतो, तोच नाईक हजर. बैलावर सरपण, पाण्याचा घडा, तवा, जवारीचं पीठ आणि ठेचा.

"इथं काहून टाकलं बिऱ्हाड? मुंगळ्याईच्या वारुळावर?" म्हणत त्यांनी सतरंजी उचलून मोहाच्या झाडाच्या सावलीत नेली. तीन दगड मांडून चूल पेटवली. "पह्यला मुक्काम जवळच करा लागते," ते मला समजावू लागले. "काही इसरलं तं वापस जाता येते." मी तोंड उघडण्याआधीच ते साहेबांच्या लहानग्याकडे वळले, त्याला उचलून बैलावर बसवलं आणि म्हणाले, "हे चढते!"

मॅडमनी डब्यातून पावाचे तुकडे काढले. नाईकांनी एक तुकडा उलटासुलटा करून पाहिला. "कोन बिमार हाय?" त्यांनी हळूच विचारलं; आमच्याकडे पाव दुखणाईतासाठीच आणत. कोणी नाही म्हटल्यावर पिठाचा गोळा मॅडमच्या हातात ठेवला. "थाप, याडी." याडी म्हणजे आई. याडीनं थापली. भाकरी तव्यावर जाईपर्यंत तिचे चार तुकडे झाले. पोरगी खिदळली आणि मग मॅडमही हसल्या. गावात आल्यापासून त्यांचं हसू मी पहिल्यांदाच ऐकलं. चारही तुकडे लेकरांनी ठेच्यासकट खाल्ले, रडले आणि पुन्हा मागितले.

उन्हं कलली. साहेबांनी सतरंजी गुंडाळली आणि गाडी गावाकडे वळवली.

"उल्टं कुठं?" नाईक ओरडले.

"घरी. हे फक्त एक दिवस बाहेर जेवायला आले होते, नाईक."

"म्हंजे घर नाई सोडलं?"

"नाही."

ते बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. सरपण जळून गेलं होतं, आणि त्याच्याखाली झाकलेलं आता मला दिसलं. त्यांची घोंगडी, तांब्या, जास्तीचं धोतर.

"सुनेले सांगून आलतो, मी निघालो म्हनून," ते म्हणाले. "ते हासली. तांड्यात आता कोनीच निघत नाई, मास्तर. एकट्यानं निघायले जीव होत नाई. म्हटलं, या लोकाईसंगं लेकरं हायेत. मले बरं वाटन."

मी साहेबांना सांगितलं, साहेबांनी मॅडमला त्यांच्या भाषेत. मॅडम गाडीतून उतरल्या, बैलावरची घोंगडी उचलली आणि आपल्या झोपलेल्या लेकराच्या अंगावर घातली. साहेबांकडे बघून काहीतरी म्हणाल्या.

साहेबांनी बोटांवर दिवस मोजले, शुक्रवारच्याही पुढे. "पूछ रही है," ते म्हणाले, "अगले इतवार को किधर ठहरना है?"

नाईकांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"पैनगंगेच्या काठी," ते म्हणाले. "याडीले म्हना, फाटेच उठा लागन. लेकराईले घेऊन लंबा रस्ता हाय."