केळुसकर काका आणि घूं

आमच्या शेजारचे केळुसकर काका डावा हात पायजम्याच्या खिशात ठेवूनच जगतात. सोसायटीच्या गणपतीत ते उजव्या हातावर तीर्थ घेतात, तोच हात डोक्यावरून फिरवतात आणि पुन्हा तोच प्रसादासाठी पुढे करतात. नमस्कारही अर्धाच, सलाम ठोकल्यासारखा. नवीन राहायला आलेल्या एका बाईंनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं होतं, "पॅरॅलिसिस का हो?"

हाताला काही झालेलं नाही. काका घरी गिटारचा ॲम्प्लिफायर बांधतात, तोही व्हॉल्व्हचा. जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे दिवे त्यात पेटतात. आत तीनशे-साडेतीनशे व्होल्ट खेळत असतात आणि प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये बराच वेळ दबा धरून बसतात. दोन्ही हात आत घातले तर करंट एका हातातून शिरतो आणि छातीतून दुसऱ्या हातात जातो. म्हणून एक हात खिशात. काका कोलशेतच्या एका कारखान्यात आयुष्यभर मेंटेनन्सला होते, तिथली ही सवय. ती आरतीत आणि लग्नाच्या पंगतीतही सुटत नाही. काकूंनी त्यांच्या सगळ्या पायजम्यांना डावीकडे दुहेरी शिवणीचे खिसे लावून घेतलेत.

हा सगळा खटाटोप काकूंसाठी. लग्नाआधी काकू कल्याणच्या एका ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायच्या, मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून लोखंडी कांडी फिरवत. लग्न झालं आणि गिटार कपाटावर गेली, तिच्यावर बॅगा आल्या, बॅगांवर गाद्या. काका रिटायर झाले त्या महिन्यात त्यांनी गाद्या उतरवल्या. दुकानातला ॲम्प्लिफायर त्यांना पसंत नव्हता. "तेव्हा ऑर्केस्ट्रात व्हॉल्व्हचा होता गं, मेधा. तिच्या कानात तोच आवाज बसलाय." मग केक भाजायच्या ॲल्युमिनियमच्या टिनला भोकं पाडून त्यांनी तो स्वतःच बांधला. पहिल्या दिवशी काकूंनी दोन ओळी वाजवल्या, हात थांबवला आणि म्हणाल्या, "मागे काहीतरी घूं करतंय. ते गेलं की नीट वाजवीन."

करत होतंच. आमच्या भिंतीतून मलाही ऐकू यायचं, चक्की चालू असल्यासारखं. काका त्या घूंच्या मागे लागले. त्यांची पद्धत एकच, "आधी कोण नाही ते ठरवू." पहिला व्हॉल्व्ह काढायचा आणि ऐकायचं. घूं राहिला तर तो व्हॉल्व्ह निर्दोष. मग दुसरा. उदबत्तीच्या काडीने एकेक वायर हलवून बघायची. ट्रान्सफॉर्मर आडवा करायचा, उभा करायचा, अर्थिंगची वायर इथून काढून तिथे लावायची. हीच पद्धत ते सगळीकडे वापरतात. तळमजल्यावरच्या कोणाच्या तरी चपला चोरीला गेल्या तेव्हाही काका एका हाताने दारं वाजवत, कोण नाही ते ठरवत फिरत होते. तीन बिऱ्हाडांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

इथवर मला तक्रार नव्हती. पण गेल्या दीडेक वर्षात घूं त्यांच्या घराबाहेर पडला. म्हणजे तो बाहेरून येतोय असं काकांनी ठरवलं. मी माजिवड्याच्या ऑफिसातून घरी पोचते तेव्हा माझ्यात चहा करण्याइतकाही जीव नसतो. शनिवारी दुपारी मी जरा आडवी झाले की बेल वाजते.

"मेधा, फ्रिज दहा मिनिटं बंद करतेस?"

"काका, आत्ताच डोळा लागलेला."

"मग पंखापण कर. झोपलेलीच आहेस."

फ्रिज झाला, पंखा झाला, मिक्सर झाला, माझ्या मुलीचा मोबाईलचा चार्जर झाला. वरच्या मजल्यावरच्यांची देवघरातली दिव्यांची माळ झाली. सगळे निर्दोष सुटले आणि पुढच्या शनिवारी पुन्हा पकडले गेले. मला भिंतीतून घूं ऐकू येईनासा झाला होता, पण मला वाटलं, माझेच कान दमले असतील. बाकी सगळी तर मी दमलेलीच आहे.

मग त्यांनी पाण्याचा पंप बंद केला. परवा शनिवारी संध्याकाळी, कोणाला न विचारता. पुन्हा चालू करायला विसरले. रविवारी सकाळी अख्ख्या बिल्डिंगच्या नळांतून फक्त हवा आली. मीटिंगला गैरहजर राहिल्याची शिक्षा म्हणून मी सोसायटीची सेक्रेटरी आहे. त्यामुळे दात घासण्याच्या आधी माझ्या दारात अकरा माणसं उभी होती. कमिटीने पत्र तयार केलं, हा उद्योग कायमचा बंद करा, नाहीतर तुमच्या घरची जोडणी तपासायला माणूस बोलावू. ते द्यायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

त्याच दुपारी गेले. काकू भाजीला गेल्या होत्या. मी पत्र हातात ठेवलं, काकांनी ते उजव्या हाताने घेतलं, वाचलं आणि टेबलावर ठेवलं. मला राग आला. इतके शनिवार साचले होते.

"लावा तो," मी म्हटलं. "मलाही ऐकू दे, कशासाठी आम्ही पारोसे बसलो ते."

त्यांनी बटण दाबलं. व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले. मी स्पीकरजवळ कान नेला. आणखी जवळ नेला, जाळीला टेकवला. खालच्या रस्त्यावरची रिक्षा ऐकू आली, बाकी काही नाही.

"काका, काहीच येत नाहीये."

"नाहीच येत," काका म्हणाले. "दीड वर्ष झालं. पहिल्या व्हॉल्व्हची अर्थिंग चुकीच्या जागी होती. सापडली."

मी जाळीवरून कान काढला.

"तिला बोलावलं, म्हटलं, ऐक. ती म्हणाली, अजून आहे. मी पुन्हा उघडला. पुन्हा ऐकवलं, अजून आहे. एकेक करून सगळं काढलं, मेधा. शेवटी एक दिवस प्लगच काढून ठेवला आणि तिला विचारलं. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, आहे, पण जरा कमी झालाय."

काकांनी बटण बंद केलं. "मळ काढायचाय सांगून ठाण्याला कानाच्या डॉक्टरकडे नेली. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हा तिच्या कानातला आवाज आहे. वयाने येतो. जायचा नाही."

"मग सांगा ना त्यांना."

"काय सांगू? मशीन बरोबर आहे, तूच बिघडलीस?" ते खुर्चीत बसले. "मशीनमध्ये आहे तोवर तो दुरुस्त होण्यासारखा आहे, असं तिला वाटतं. आणि तपासायचं तर वाजवावं लागतं ना. रोज संध्याकाळी मी काहीतरी बदलल्यासारखं करतो आणि ती दहा मिनिटं वाजवते. बदलण्यासारखं संपलं, म्हणून तुझा फ्रिज. काल पंप बंद आहे म्हटल्यावर वीस मिनिटं वाजवत होती. मी ऐकत बसलो आणि पंप राहिला. चुकलंच माझं. पण हे पत्र तिने वाचलं आणि माणूस तपासायला आला, तर तो सांगेल ना तिला, की सगळं ठीक आहे."

मला रडू येईल असं वाटलं आणि त्याचाही कंटाळा आला.

तेवढ्यात काकू आल्या. मेथीच्या जुड्या ओट्यावर ठेवल्या, पाणी प्यायल्या आणि मला म्हणाल्या, "बरी सापडलीस. तुझे कान तरुण आहेत. बस इथे." काकांनी कमिटीचं पत्र घडी करून केकच्या टिनाखाली सरकवलं. काकूंनी गिटार मांडीवर घेतली. काकांनी ॲम्प्लिफायर लावला. काकूंनी एक ओळ वाजवली, अगदी सरळ, कुठेही न अडखळता. इतकं चांगलं वाजवतात हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मग त्यांनी तारांवर तळहात ठेवून त्या गप्प केल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

"खरं सांग हं, मेधा. तुला येतो का गं आवाज?"

काका खिडकीबाहेर बघत होते. घर इतकं शांत होतं की काकूंच्या बांगड्या वाजल्या तेही ऐकू आलं.

"येतो ना, काकू," मी म्हटलं. "बारीक आहे, पण येतो."

काकूंचे खांदे एकदम सैल झाले. "अहो, ऐकलंत ना?" त्या काकांना म्हणाल्या. "मला वाटायला लागलं होतं, एकटीलाच येतो की काय."

आणि कांडी उचलून त्यांनी ती ओळ पहिल्यापासून वाजवायला घेतली.