शेजारच्या आसनाखालचा पत्रा

ज्या गृहस्थाने निम्म्या शहराला मोटार चालविण्यास शिकविले, त्याच्या स्वतःच्या मालकीची मोटार नव्हती. आणि विशेष म्हणजे मोटारीच्या स्टिअरिंगमागे बसण्याचा योगही त्याच्या वाट्यास क्वचितच येत असे. सदर गृहस्थ एका मोटार प्रशिक्षण केंद्रात शिक्षक होते व लहानथोर त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांची जागा चालकाच्या शेजारी. तेथे त्यांच्या पायाखाली एक जादा ब्रेक बसविलेला असे. शिष्य गोंधळला की मास्तरांचा पाय त्या ब्रेकवर पडे, गाडी थांबे, आणि शिष्याला वाटे की आपणच ती थांबविली.

इतक्या वर्षांच्या सेवेनंतर तो पाय मास्तरांच्या आज्ञेत उरला नव्हता. न्हाव्याच्या खुर्चीत वस्तरा गळ्यापाशी आला की तो आपटे. बसमध्ये आपटे. झोपेतसुद्धा आपटे, आणि त्या वेळी त्याच्या मार्गात मास्तरांच्या पत्नी निजलेल्या असत.

"तुमची गाडी रोज माझ्याच नडगीवर येऊन थांबते," असे त्या सकाळी पाय चोळीत म्हणत.

मास्तर खजील होत, परंतु ती गाडी कोणती होती, हे त्यांनी बरेच दिवस सांगितले नव्हते. तरुणपणी त्यांनी एका कॅलेंडरावर तिचे चित्र पाहिले होते. शौकीन लोक जिला मसल कार म्हणतात, त्या जातीची ती जुनी, दोन दरवाजांची, गडद तांबडी गाडी. तिचे नाक इतके लांब, की चालक वळणावर पोचण्यापूर्वी गाडी तेथे पोचलेली असावी. शिष्य चौकात गाडी बंद पाडून घाम पुशीत बसे, तेव्हा मास्तर मनाने त्या गाडीत बसून मोकळ्या रस्त्याने निघून गेलेले असत. एकदा भावनेच्या भरात त्यांनी हे सर्व पत्नीस सांगितले. पत्नीने शांतपणे ऐकून घेतले व विचारले, "आणि मी कुठे बसते?"

मास्तर विचारात पडले. शेजारची जागा कोणाची, हे त्यांनी कधी ठरविलेच नव्हते. आयुष्यभर त्या जागेवर बसून कंटाळलेल्या मनुष्यास तिची आठवण तरी का यावी?

"तू घरी असतेस," ते प्रामाणिकपणे म्हणाले. पत्नीने चहाचा कप जरा जोराने खाली ठेवला.

अशा स्थितीत मास्तरांकडे एक नवीन शिष्या आल्या. त्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका होत्या व त्यांना सर्वजण सिस्टर म्हणत. त्यांच्या यजमानांना जाऊन वर्ष व्हायचे होते. या वयात गाडी शिकण्याचे कारण काय, असे मास्तरांनी विचारले असता "एक काम आहे" एवढेच उत्तर मिळाले. एके दिवशी शिकवणी संपल्यावर मास्तर त्यांना घरी सोडावयास गेले, तेव्हा अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली झाकलेली एक आकृती त्यांच्या दृष्टीस पडली. आकृतीचे नाक फार लांब होते. मास्तरांचा पाय आपोआप आपटला.

सिस्टरांनी ताडपत्री दूर केली. तीच गाडी, तोच रंग. शेडचे छप्पर एका कोपऱ्यात गळून तेथे भिंतीवर ओघळ उमटले होते, परंतु गाडी आरशासारखी लख्ख होती. मास्तरांनी तिच्या नाकावर हात ठेवला, आणि आजारी मुलाचा ताप पाहावा तसा तो बराच वेळ तेथून उचलला नाही.

मग सिस्टरांनी हकीकत सांगितली. त्यांचे यजमान पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन होते. भाजीची पिशवीसुद्धा टेबलाच्या कडेला समांतर ठेवणारा तो गृहस्थ. ही गाडी त्यांनी उमेदीच्या काळात जुनी म्हणूनच आणली होती. दर रविवारी ते तिचे इंजिन चालू करीत व सिस्टरांना शेजारी बसवीत. गाडी थरथरे, शेड दणाणे. थोड्या वेळाने ते इंजिन बंद करून म्हणत, "पुढच्या वर्षी जाऊ." ते पुढचे वर्ष कधी उजाडले नाही.

"वर आणखी चपला बाहेर काढायच्या," सिस्टर म्हणाल्या. "पाय अलगद ठेवायचे. आपटायचे नाहीत. मी दिवसभर वॉर्डात उभी राहणारी बाई, मास्तर. माझ्या पायांपेक्षा त्या माणसाला गाडीची मॅट प्यारी. एकदा मी म्हटलं, तुम्ही एकटे तरी जाऊन या. तर नुसते हसले."

आता त्यांच्या पुतण्याने एक गिऱ्हाईक आणले होते आणि रविवारी ते गाडी पाहून घेऊन जाणार होते. त्यापूर्वी एकदा, स्वतःच्या हाताने, सिस्टरांना ती फाटकाबाहेर न्यायची होती.

"कुठे जायचंय असं नाही," त्या म्हणाल्या. "गेलेल्या माणसाला दाखवायचंय, की फाटकाबाहेर रस्ता होता."

मास्तरांनी घसा साफ केला व आपली अट मांडली. नदीवरच्या पुलापर्यंत सिस्टरांनी चालवावी. येताना मात्र मास्तर चालवतील. शिकवणीबद्दल त्यांना दुसरे काही नको होते. सिस्टरांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले व होकार दिला.

शनिवारी सकाळी मास्तर इस्त्रीची पँट व जाड तळव्यांचे नवे बूट घालून हजर झाले. गाडीत शिरण्यापूर्वी ते बूट काढू लागले, तेव्हा सिस्टरांनी त्यांना अडविले. "बूट घालूनच बसा. आज कुणाचं काही ऐकायचं नाही." सिस्टर स्वतःही चपला घालूनच स्टिअरिंगमागे बसल्या व त्यांनी दार जरा जास्तच जोराने लावून घेतले.

इंजिन खोकले, रुसले, आणि मग असे काही गर्जले की समोरच्या घराच्या गच्चीवरील कबुतरे उडाली. गाडी फाटकातून बाहेर आली. सिस्टरांचे ओठ घट्ट मिटलेले होते. लोक दुकानांच्या पायऱ्यांवर येऊन पाहू लागले. मास्तर मान ताठ करून बसले होते खरे. परंतु लोक चालकाकडे पाहतात, शेजारच्याकडे नव्हे, ही गोष्ट त्यांना त्या दिवशी फार जाणवली. पूल आला की ही लांब नाकाची स्वारी आपल्या हाती येणार, या एका विचारावर त्यांनी मन स्थिर केले.

पुलाच्या अलीकडे उतार लागतो. त्या उतारावर गल्लीतून दुधाची एक गाडी अचानक बाहेर आली. सिस्टरांनी शिकवणीत शिकल्याप्रमाणे, बेताने, ब्रेक दाबला. गाडी थांबूही लागली होती. परंतु मास्तरांचा पाय शिष्यांवर विश्वास ठेवणाऱ्यांपैकी नव्हता. तो सर्व शक्तीनिशी तेथे पडला, जेथे या गाडीत ब्रेक नव्हता. चर्रर्र असा आवाज झाला, आणि मॅट, मॅटखालचा पत्रा व मास्तर यांपैकी मास्तरच तेवढे जागेवर राहिले. त्यांचा पाय पोटरीपर्यंत अदृश्य झाला.

"तुम्ही काय दाबलंत?" सिस्टरांनी विचारले.

"ब्रेक."

"ब्रेक मी दाबला."

"मग मी रस्ता दाबलाय," मास्तर खिन्नपणे म्हणाले.

पाय बाहेर निघेना. फाटलेल्या पत्र्याच्या कडा आत वळून पोटरीभोवती बसल्या होत्या. सिस्टरांनी परिचारिकेच्या सवयीने वाकून पाहिले, रक्त नाही याची खात्री केली व बोटे हलविण्यास सांगितले. बोटे हलत होती, पण ती रस्त्यावर हलत होती. भोवती माणसे जमली. कोणी सुचविले, गाडी उचला. कोणी म्हणाले, बुटाला खालून धरून ओढा. त्यावर दुसऱ्याने शंका काढली, की ओढल्यावर माणूस खाली येईल की बूट. दुधाच्या गाडीवाल्याने माझी काही चूक नाही असे सर्वांना आळीपाळीने सांगितले.

दैव असे, की याच वेळी सिस्टरांचा पुतण्या गिऱ्हाईकाला स्कूटरवर मागे बसवून तेथून चालला होता. गिऱ्हाईकाला राहवले नव्हते व ते एक दिवस आधीच गाडी पाहावयास निघाले होते. गाडी रस्त्यातच भेटलेली पाहून त्यांना आनंद झाला. जाणकार मनुष्य करतो तसे त्यांनी प्रथम नाकावर थाप मारली, दारे पाहिली, आणि मग गुडघे टेकून गाडीच्या तळाकडे डोके घातले.

"हा बूट गाडीबरोबर येतो का?" त्यांनी खालूनच विचारले.

त्यानंतर ते उठले, गुडघे झटकले, आणि पुतण्याला म्हणाले की मला तळ असलेली गाडी हवी होती. ते पायीच निघून गेले. पुतण्याचा चेहरा रडवेला झाला. "काकू, एक दिवस धीर धरवला नाही का? आता हे भंगार कोण घेणार?" सिस्टरांनी दार लावून घेतले व इंजिन चालू केले.

पुलापलीकडे एका वेल्डरचे दुकान होते. तेथपर्यंत जाणे भाग होते, आणि मास्तरांना जागेवरून हलता येत नसल्याने गाडी सिस्टरांनीच चालविणे भाग होते. मास्तरांनी दोन्ही हातांनी गुडघा उचलून धरला, जेणेकरून बूट जमिनीस लागू नये, व त्या स्थितीतही "आरसा बघा, क्लच सावकाश" असे सांगणे चालू ठेवले. ज्या पुलावरून गाडी गर्जत नेण्याचे चित्र त्यांनी मनाशी रंगविले होते, तो पूल त्यांनी पायाखालच्या भोकातून पाहिला.

वेल्डर जाड भुवयांचा, कमी बोलणारा मनुष्य होता. गाडीखाली सरकून त्याने कात्रीने पत्रा कापला. मास्तरांचा पाय सुटला. पँटीचा एक पाय मात्र बराच आखूड झाला. वेल्डर बाहेर आला तो हातात कापलेला तुकडा घेऊन. तो एक पत्रा नव्हता. पत्र्यावर पत्रा, त्यावर पुन्हा पत्रा, असे थर होते. खालचे गंजून पापडासारखे झालेले, वरचा त्यामानाने नवा.

"हे काम कुणाचं?" त्याने विचारले. "वेल्डिंग येत नसणार. नुसती रिबिटं मारलीत. दरवेळी खालचं सडलं की वरून एक. पण ओळ बघा. पट्टी लावून मारल्यासारखी."

सिस्टरांनी तो तुकडा हाती घेतला. रिबिटांच्या ओळीवरून त्यांनी बोट फिरविले. ओळ कोठेही तसूभर वाकडी नव्हती.

"सगळी गाडीच अशी आहे का?" त्यांनी विचारले.

"नाही ना. हीच एक बाजू. वरून पाणी गळत असणार. ह्या बाजूचा सांगाडाच खाल्लाय गंजानं, पत्रा मारून काय होतंय? चालवणाऱ्याची बाजू ठणठणीत आहे. एकट्या माणसानं कुठेही नेली असती. शेजारी कुणाला बसवून मात्र नाही."

"एकट्यानं नेली असती," सिस्टर म्हणाल्या.

"केव्हाही."

मास्तर आपल्या आखूड पँटीकडे पाहत राहिले. सिस्टर पत्र्याकडे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "पाय अलगद ठेव, म्हणायचे." आणि त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, जो मळलेला नव्हता.

वेल्डर म्हणाला की सांगाड्यासकट नवा तळ बसवून देतो, पण आज नाही, सोमवारी आणा. तेव्हा गाडी घरी नेणे आले, आणि करारानुसार आता पाळी मास्तरांची होती. सिस्टरांनी किल्ली त्यांच्यापुढे धरली.

"शेजारी तळ नाही, सिस्टर," मास्तर म्हणाले. "तुम्ही रिक्षानं या. मी मागून आणतो."

"ते एकटे गेले नाहीत," सिस्टर म्हणाल्या. "तुम्हीही जायचं नाही."

त्यांनी चपला काढल्या, त्या काखेत धरल्या, आणि शेजारच्या आसनावर पाय वर घेऊन बसल्या. तो पत्र्याचा तुकडा त्यांच्या मांडीवर होता. खाली भोकातून रस्ता दिसत होता.

अशा रीतीने मास्तर जन्मात प्रथमच त्या स्टिअरिंगमागे बसले. समोर ते लांब नाक होते, हाताखाली ती शक्ती होती, पूलही मोकळा होता. परंतु मास्तरांनी पहिला गिअर सोडला नाही. खळगा दिसला की ते गाडी जवळजवळ थांबवीत. सायकलस्वार त्यांना ओलांडून गेले. एक फेरीवाला हातगाडी ढकलीत काही अंतर त्यांच्या बरोबरीने चालला व मग कंटाळून पुढे गेला. त्या गाडीची गर्जना कॅलेंडरावरच राहिली. मास्तरांचे लक्ष रस्त्यावर कमी आणि शेजारच्या उघड्या पावलांवर अधिक होते, आणि त्यांना असे वाटू लागले, की आपण दुसऱ्या कोणाच्या तरी जागेवर, त्याचेच काम करीत बसलो आहोत.

घराचे फाटक आले. मास्तरांनी वळण्यासाठी गाडी हळू केली. खरे म्हणजे आणखी हळू करण्यास जागा नव्हती.

"थोडं पुढे जाऊ या," सिस्टर समोर पाहत म्हणाल्या.

गाडी फाटकावरून पुढे गेली. रस्ता संपेपर्यंत सिस्टर रडत होत्या, आणि मास्तर, ज्यांनी आजवर प्रत्येक शिष्याला समोर बघण्याचा उपदेश केला होता, त्यांनी तो त्या दिवशी स्वतः कटाक्षाने पाळला.

गाडीला पुढे नवा तळ बसला. पुतण्याला दुसरे गिऱ्हाईक आणू नकोस असे सांगण्यात आले. दर रविवारी सिस्टर ती गाडी घेऊन पुलापर्यंत जातात; शेजारच्या आसनावर कोणी नसते. मास्तरांनी पुन्हा चालवावयास मागितली नाही.

काही दिवसांनी सकाळी चहा घेताना मास्तरांच्या पत्नी आपल्या नडगीकडे पाहून म्हणाल्या, "हल्ली लाथ बसत नाही. गाडी विकलीत की काय?"

"विकली नाही," मास्तर म्हणाले. "सावकाश चालवतो. शेजारी तू बसलेली असतेस."

पत्नीला सारी हकीकत ठाऊक होती. त्यांनी कप उचलला, तो ओठांपाशी नेला आणि पुन्हा खाली ठेवला, अगदी अलगद.

"मग खालचा पत्रा तेवढा बघून घ्या," त्या म्हणाल्या.