डाव्या पायाचा दाखला

चष्मेवाल्यांच्या गाडीत कोणताही दोष नव्हता, आणि ही गोष्ट अकरा दिवस त्यांना पक्की माहीत होती.

गाडी दोन सीटची, हिरवी, पन्नास वर्षांपूर्वीची स्पोर्ट्स कार. तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं धरून "हे स्पष्ट दिसतंय की हे?" असं विचारण्यात घालवल्यावर वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी ती घेतली. ती ऑटोमॅटिक होती. म्हणजे गिअर तिचे तीच बदलायची आणि डाव्या पायाला काही कामच नसायचं. चष्मेवाल्यांना त्यात वावगं वाटलं नाही. दुकान बंद केलं की ते तळ्यापर्यंत एक फेरी मारत आणि शीळ घालत घरी येत.

बाराव्या दिवशी ते जुन्या गाड्यांच्या मंडळात नाव नोंदवायला गेले. मंडळाच्या अध्यक्षांकडे अगदी हीच गाडी होती, त्याच सालची, फक्त लाल आणि गिअरची. अध्यक्षांनी हिरव्या गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या, वाकून आत पाहिलं, दोनच पेडल मोजली आणि म्हणाले, "ऑटोमॅटिक का? बरं."

एवढंच. पण ते 'बरं' चष्मेवाल्यांच्या कानात आठवडाभर अडकून राहिलं.

मंडळाची वार्षिक फेरी साडेचार महिन्यांवर होती. डोंगरावरच्या सव्वीस वळणांच्या रस्त्याने वरपर्यंत जायचं. नियमावलीप्रमाणे तिच्यात दोन गट होते: 'चालक' आणि 'इतर'. ऑटोमॅटिकवाले इतर.

"चालवतो तर मीच ना?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"बसता," अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले. "चांगले बसता. पण बसताच."

चष्मेवाल्यांनी त्याच दिवशी ठरवलं, की गाडी गिअरची करायची आणि त्या सव्वीस वळणांवर स्वतःच्या हातापायांनी न्यायची.

गॅरेजच्या वस्तादांनी गाडीखाली दिवा धरून पाहिलं आणि बाहेर येऊन हात पुसले. "साहेब, मशीन झकास आहे. कशाला चांगल्या गाडीचं पोट फाडताय?"

"करायचंय."

"मग ऐका. आहे तो गिअरबॉक्स उतरवायचा, गिअरचा चढवायचा. क्लच, फ्लायव्हील, तिसरं पेडल. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट दुसरा लागेल, लांबी जुळत नाही. होईल सगळं. पण आधी कागद आणा. कागदाशिवाय मी पाना लावत नाही."

वाहन नोंदणी कार्यालयात या कामाला 'नमुना सतरा-ब : नियंत्रण पद्धतीतील बदल' असं नाव होतं. चार नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला. स्वभावाने त्या प्रेमळ होत्या, त्यामुळे कुणालाही एकदम परत पाठवत नसत, थोडं थोडं पाठवत.

"काका, बदलाचं कारण?"

"लिहिलंय की. आवड."

"आवडीला रकाना नाही. इथे एकच रकाना आहे बघा : 'डाव्या पायाची अवस्था.' पाय अधू झालेले लोक गिअरची गाडी ऑटोमॅटिक करून घेतात, त्यांच्यासाठी आहे हा नमुना."

"माझं उलट आहे."

बाईंनी एक पुस्तिका काढली, बोट फिरवलं आणि मोठ्याने वाचलं, "'उलट दिशेच्या बदलासाठी हाच नमुना, योग्य त्या फरकासह वापरावा.' म्हणजे पाय बरा झाल्याचा दाखला आणा. सोपं आहे."

डॉक्टर चष्मेवाल्यांचे शाळेतले मित्र.

"काय होतंय?"

"काही नाही."

"मग आलास कशाला?"

"काही होत नाही असा दाखला हवाय."

डॉक्टरांनी लिहून दिलं : डावा पाय ठणठणीत. खिडकीतल्या बाईंनी तो दोनदा वाचून हळूच परत सरकवला. "काका, हा ठणठणीत आहे. आम्हाला बरा झालेला लागतो."

"दोन्हीत फरक काय?"

"आजारी नसलेला पाय बरा कसा होईल? तुम्हीच सांगा, शिकलेले दिसता." मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "आधी दुर्बल असल्याचा दाखला द्या. त्यावर मी तुम्हाला काम सुरू करायची तात्पुरती परवानगी देते. नव्वद दिवस झाले की बरा झाल्याचा दाखला आणा, अंतिम नोंद करून टाकू. नव्वदच्या आत पाय बरा झालेला चालत नाही."

"मी खोटं लिहिणार नाही," दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. मग त्यांना मित्राची दया आली. त्यांनी टेप काढून दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. डावी अर्धा सेंटिमीटर कमी भरली. "हे मात्र लिहू शकतो. 'डावा पाय उजव्याच्या तुलनेत दुर्बल.' जगातल्या प्रत्येकाचा एक पाय दुसऱ्याच्या तुलनेत दुर्बल असतो, पण तो दाखला मागायला कुणी येत नाही."

बाईंनी शिक्का मारला. त्या शिक्क्यासरशी चष्मेवाल्यांच्या परवान्यावर 'केवळ ऑटोमॅटिक' असंही उमटलं. नव्वद दिवसांचाच तर प्रश्न, म्हणून ते परवाना खिशात घालून निघाले. दारापर्यंत पोहोचतात तोच मागून हाक आली, "काका! अहो, तुम्ही सरळ चालताय!"

"मग?"

"दप्तरी दुर्बल नोंद झालीये ना. साहेबांनी पाहिलं तर मला विचारतील."

चष्मेवाले दारापर्यंत डावा पाय ओढत गेले.

इथे दुसरा कुणी असता तर रस्त्यावर आल्यावर सरळ चालू लागला असता. पण चष्मेवाले फार नेमके गृहस्थ होते. भिंगाच्या नंबरात पाव इकडचा तिकडे झाला तरी त्यांना जेवण जात नसे. खिशात दुर्बलतेचा दाखला आणि पाय मात्र धडधाकट, हा उघड खोटेपणा त्यांना सोसेना. शिवाय खिडकीतल्या बाई रोज संध्याकाळी त्यांच्या दुकानावरूनच घरी जात. म्हणून ते दुकानात पाय ओढू लागले. दुकानात ओढायचा आणि घरी नाही, यात कधीतरी घोटाळा होईल, म्हणून घरीही ओढू लागले. गिऱ्हाइकं हळहळली. बसमध्ये लोक उठून जागा देऊ लागले आणि चष्मेवाले ती घेऊ लागले, कारण नोंद तशी होती. समोरच्या घड्याळवाल्याने आपल्या वडिलांची काठी आणून दिली.

चष्मेवाल्यांची बायको गुरांची डॉक्टर. तीस वर्षं खडखडणाऱ्या जीपमधून मातीच्या रस्त्यांवर हिंडलेली बाई. तिने चार दिवस नुसतं पाहिलं.

"अहो, पाय का ओढताय?"

"नव्वद दिवसांचं आहे गं. नंतर बंद होईल."

"कागदावरच दुबळा आहे ना तो?"

"कागदावर आहे म्हणूनच."

"गाय असती तर खूर उचलून पाहिलं असतं," ती म्हणाली. "तुमचं नक्की काय उचलून पाहायचं, तेच कळत नाही."

तिकडे वस्तादांचं काम रंगात आलं होतं. ऐंशीव्या दिवशी गाडी तयार झाली. तीन पेडल, मधोमध चकचकीत दांडा, चार पुढचे गिअर आणि एक मागचा. "आणि साहेब, जुन्या बॉक्सची काळजी नको," वस्ताद म्हणाले, "एकाने हातोहात नेला. नाव सांगू नका म्हणाला." चष्मेवाल्यांनी सीटवर बसून फक्त वास घेतला. परवान्यामुळे गाडी बायकोने घरी आणली, एकदाही न अडखळता.

एक्क्याण्णवाव्या दिवशी चष्मेवाले काठी टेकत डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी टेप लावली, पुन्हा लावली, चष्मा काढून पुसला.

"अरे, दोन सेंटिमीटर कमी! खरंच दुर्बल झालाय हा."

"असं कसं? मी तर नुसता ओढत होतो."

"स्नायू न वापरला की शरीर तो जादा समजून काढून टाकतं. ते कारण विचारत नाही. तिथे आवडीला रकाना नाही आणि अपीलही नाही."

"पण बरा झाल्याचा दाखला?"

"बरा झालास की देतो. रोज शंभर वेळा पाय जमिनीवर दाबायचा. सहा महिने धर."

फेरी दीड महिन्यावर होती. चष्मेवाले तसेच चार नंबरच्या खिडकीवर गेले आणि झालं ते सगळं सांगितलं. काही सवलत मिळेल, निदान दया तरी, अशी त्यांची अपेक्षा होती. बाईंचा चेहरा मात्र उजळला.

"काका, मग तर काहीच अडचण नाही! गाडी गिअरची, पाय दुर्बल. हा नमुना तर ह्याच्यासाठीच आहे. दाखला दप्तरी आहेच. गाडी ऑटोमॅटिक करायची परवानगी आत्ता देते." त्यांनी खणखणीत शिक्का मारला. "एकोणीस वर्षांत इतकी नीट फाइल पाहिली नाही बाई मी."

परवानगी घेऊन चष्मेवाले वस्तादांकडे गेले. वस्तादांनी ती वाचली, घडी घातली आणि परत दिली. "कागद एक नंबर आहे साहेब. पण बॉक्स गेला ना. तसला दुसरा आता मिळायचा नाही."

फेरीच्या दिवशी हिरवी गाडी 'चालक' गटात उभी राहिली. यादीत चालक म्हणून बायकोचं नाव होतं. चष्मेवाल्यांचं नाव तिच्या खाली, कंसात : इतर.

सव्वीस वळणं बायकोने अशी घेतली, जणू पलीकडे कुणाची तरी म्हैस अडली आहे. ती क्लच दाबी तेव्हा शेजारी चष्मेवालेही आपला डावा पाय दाबत, रिकाम्या जमिनीवर. व्यायाम म्हणून सुरू केलं होतं. बाराव्या वळणानंतर ते व्यायाम म्हणून राहिलं नाही.

पुढे अध्यक्षांची लाल गाडी होती. प्रत्येक वळणावर अध्यक्षांचा खांदा मोठ्या डौलात हले आणि दांडा ओढल्याचं मागून स्पष्ट दिसे. पण तीस वर्षं 'हे की ते' यातला फरक पाहिलेल्या माणसाच्या लक्षात आलं, की खांदा एका वेळी हलतोय आणि इंजिनाचा आवाज दुसऱ्याच वेळी बदलतोय.

वर पोहोचल्यावर चष्मेवाले काठी टेकत लाल गाडीपाशी गेले आणि वाकून आत पाहिलं. पेडल तीन होती. त्यातलं डावीकडचं घासूनपुसून लखलखीत केलेलं होतं आणि वाऱ्याने मंद हलत होतं. त्याला मागे काहीच जोडलेलं नव्हतं.

अध्यक्ष दाराला धरून, दात आवळून, अगदी ताठ उतरले. आजूबाजूला पाहून कुजबुजले, "गुडघा, हो. तीन वर्षं झाली. दाखला वगैरे घेतलेला नाही मी. मंडळात बोलू नका."

"माझा बॉक्स बरा चालतोय?"

"लोण्यासारखा."

चष्मेवाल्यांनी एकदा त्यांच्या ताठ पायाकडे पाहिलं, एकदा आपल्या काठीकडे.

"बरं," ते म्हणाले.

खाली येताना बायकोने विचारलं, "हसताय कशाला?" पण त्यांनी सांगितलं नाही, पाय दाबत राहिले. रोजच्या शंभरातले त्यांचे अजून चौसष्ट व्हायचे होते.

तुम्हीही हसत असाल. हसा. पण पुढच्या वेळी एखाद्या खिडकीत आपलं ओळखपत्र सरकवाल, आणि आतला माणूस एकदा त्यावरच्या फोटोकडे आणि एकदा तुमच्याकडे बघेल, तेव्हा तुमचा चेहरा काय करतो तिकडे जरा लक्ष ठेवा. हसू पुसून, ओठ मिटून, डोळे किंचित मोठे करून तो हळूहळू त्या फोटोसारखा व्हायला लागतो. आणि आतल्या माणसाने मान हलवेपर्यंत तसाच राहतो.