खाज नसलेला माणूस

बायकोच्या, सिद्धम्माच्या, एका किडनीवर विरूपाक्षअप्पांनी बरंच कमावलं: जीव, आडत दुकानातून कायमची सुटी, अंगणात कडुलिंबाखाली खाट आणि एक शाल. शाल खरं तर किडनी दिल्याबद्दल समाजानं सिद्धम्माला पांघरवली होती. पण फोटो निघाला आणि ती अप्पांच्या खांद्यावर आली, ती तिथंच राहिली.

चैत्रातल्या दुपारी अप्पा खाटेवर अर्धवट झोपेत तरंगत. उदगीर कुठंतरी लांब गुणगुणत राही. शालीवर पांढरं काहीतरी अलगद पडे. कडुलिंबाचा फुलोरा समजून अप्पा ते मायेनं झटकत. गळत होती ती त्यांचीच कातडी.

भेटायला आलेल्याला ते तसंच जाऊ देत नसत. तीच शाल त्याला पांघरून फोटो काढत, आणि पाहुणा चप्पल शोधायला वाकला की हळूच काढून घेत.

मग घर खाजवू लागलं. आधी सिद्धम्मा, मग सून अंजू, पुढं शाल पांघरलेले पाहुणे. अप्पा तेवढे निवांत.

"लांब बस," ते बायकोला म्हणाले. "तुझं मला लागलं तर माझी किडनी जाईल."

"तुमची?" सिद्धम्मा कोपर खाजवत म्हणाली.

अप्पांच्या जिवाला धोका नको म्हणून अंजूनं घरच्या सगळ्यांना लातूरला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंची नजर खिडकीशी लांब बसलेल्या अप्पांच्या हातांवरच्या खपल्यांवर गेली. एक खपली खरवडून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

"खरूज. गावभर पुरतील एवढे किडे यांच्याच अंगावर आहेत."

"पर मला खाज न्हाई, मॅडम."

"किडनी टिकावी म्हणून ज्या गोळ्या घेता, त्यांनी अंगाचा पहारेकरी, म्हणजे प्रतिकारशक्ती, निजवलाय, अप्पा. मग खाजेनं ओरडणार कोण? या भेगांतून जंतू आत गेले तर किडनीच काय, जीवही जाईल."

अप्पांना पुन्हा पुन्हा मलम आणि गोळ्या, घरच्यांनीही एकाच दिवशी मलम लावायचं, कपडे उकळायचे, आणि शाल पांघरलेल्या प्रत्येकाला कळवायचं. कळवायचं काम अप्पांचं. सत्कारात भरभरून बोलणारे अप्पा फोनवर खाकरत खाकरत 'खरूज' एवढंच सांगत आणि फोन ठेवून देत.

महिन्याभरात खपल्या गेल्या, किडनी शाबूत राहिली. उकळलेली शाल मात्र आटून टॉवेलाएवढी झाली. अप्पा खाटेवर पडले होते, अंगावर या वेळी खरोखरचा फुलोरा पडत होता. शेवटचं मलम सिद्धम्माच त्यांच्या पाठीला लावत होती.

"लई नुकसान झालं बघ," दोरीवरच्या शालीकडे पाहत ते पुटपुटले.

किडनी सिद्धम्मानं दिली, खाज गावानं सोसली. अप्पांची गेली ती शाल. तीही सिद्धम्माचीच.