ताइवो आणि तिची केहिंदे

ताइवो लिफ्टमध्ये शिरली की आधी हाताने दार अडवून धरते. मागे कुणी नसतं. रिकाम्या पॅसेजकडे बघून ती आपल्या योरुबा भाषेत काहीतरी म्हणते, जरा थांबते, मग हात काढते आणि आपल्याकडे वळून हसते. "यल्ला, चला. आली ती."

पहिल्यांदा हे पाहिलं त्यानंतर आठवडाभर मी जिन्याने ये-जा केली. आमचं घर पाचव्या मजल्यावर, आणि आखाती अल हैलमधला जून महिना.

मी मुळातच भित्री. त्यात समोरच्या दारात ही नायजेरियाची नर्स राहायला आलेली. उंच, दणदणीत आवाजाची. नवरा आत वाळवंटात तेलाच्या कामावर, महिन्यातून एकदा उगवणार. तिला 'मेधा' म्हणता येत नाही, म्हणून मी 'मेडा'. आपण काही वाईट बोललो की ही डोक्याभोवती हात फिरवून बोटांची टिचकी वाजवते आणि ओरडते, "गॉड फॉरबिड!" वाईट बोलायला फार लागत नाही. "आज लिफ्ट बंद पडेल बहुतेक," एवढंही पुरतं.

केहिंदे कोण, हे तिने एकदा चहा पिताना सांगितलं. "माझी जुळी बहीण. लहानपणीच तापाने गेली. आमच्याकडे जुळ्यातलं एक गेलं की त्याची लाकडाची मूर्ती करतात. तिला आंघोळ घालायची, तेल लावायचं, जेवण दाखवायचं. नाहीतर ते दुसऱ्याला बोलावून घेतं."

"बोलावून घेतं म्हणजे?"

"म्हणजे घेऊनच जातं," ती म्हणाली आणि शांतपणे बिस्किट चहात बुडवलं. मी माझं बिस्किट बशीत ठेवून दिलं.

आणि ही पक्की ख्रिश्चन! इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून दर शुक्रवारी डोक्याला पगडीसारखं रेशमी फडकं बांधून चर्चला जायची आणि तिथे पास्टरशी भांडायची. पास्टर तिच्याच देशाचे, किडकिडीत आणि मवाळ. पण मूर्तीचं कळल्यापासून एकच धोशा: जाळून टाक. ताइवोने बायबलमधूनच उत्तर शोधलं. "राहेलने बापाच्या घरचे देव चोरले, उंटाच्या खोगिरात लपवले आणि वर बसून राहिली. देव तिला काही बोलला? नाही!" तेव्हापासून निझव्याच्या रस्त्यावर बसलेला उंट दिसला, की मी त्याला उगाच निरखून बघते.

मग एका शुक्रवारी ती चर्चमधून सरळ माझ्या स्वयंपाकघरात आली. फडकं सुटलेलं. पोट तोवर चांगलंच दिसू लागलं होतं.

"पास्टर म्हणाले, पुढचं वाच. राहेल वाटेतच बाळंत झाली. आणि त्यातच गेली."

या वेळी तिने टिचकी वाजवली नाही.

"जाळली तर केहिंदे बोलावणार. ठेवली तर राहेलसारखं होणार. मेडा, मरणार कशाने तेवढंच ठरायचंय."

दुसऱ्या दिवशी ती टॉवेलात गुंडाळून मूर्ती घेऊन आली. "तुझ्या देव्हाऱ्यात ठेव. तुमच्याकडे एवढे आहेत, त्यात एक जास्त. माझ्या घरात नाही, म्हणजे पास्टर खूश. जळालीही नाही, म्हणजे केहिंदे खूश."

श्रीरंग, माझा नवरा, म्हणाला, "तू पालीला घाबरतेस. आणि हे?" आमच्या देव्हाऱ्यात सासरच्या कुणा न पाहिलेल्या पूर्वजाचा चांदीचा टाक आहे. त्याला मी रोज हळदकुंकू वाहते, कधी भीती वाटली नाही. ही मात्र वीतभर लाकडाची पोर. इतकी वर्षं कुणीतरी तोंड धुतल्यामुळे नाकडोळे झिजून गुळगुळीत झालेले. टाकाशेजारी ठेवताना मी तिचं तोंड भिंतीकडे केलं. सकाळी ते फारच वाईट वाटलं, म्हणून पुन्हा वळवलं आणि शिऱ्याची वाटी पुढे ठेवली.

कळा सुरू झाल्या त्या दुपारी तिचा नवरा वाळवंटात आणि श्रीरंग कामासाठी सोहारला. गाडी मीच काढली. प्रत्येक सिग्नलला ताइवो माझं मनगट आवळून म्हणायची, "राहेलसुद्धा वाटेतच होती." आणि प्रत्येक सिग्नलला माझी गाडी बंद पडायची.

तिला आत नेल्यावर पास्टर धापा टाकत आले आणि बाकावर माझ्याशेजारी बसले. मी चिडले होते. "तिला घाबरवायची काय गरज होती?"

ते वाकून बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागले. "माझ्या आईनेही अशी एक मूर्ती ठेवली होती. माझ्या जुळ्या भावाची. ती मीच जाळली."

"मग?"

"अजून झोप लागत नाही."

मग आम्ही दोघं, एक हिंदू आणि एक पास्टर, दाराकडे बघत भिजलेल्या कोंबड्यांसारखे बसून राहिलो. आतून रडण्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी माझा हात धरला होता, की मी त्यांचा, ते आता आठवत नाही.

मुलगी झाली. दोघी ठणठणीत.

दुसऱ्या दिवशी ताइवोने मूर्ती मागवली. डब्याच्या पिशवीत घालून मी ती नर्सेसच्या समोरून नेली. तिने एका हातावर बाळ घेतलं आणि दुसऱ्यावर केहिंदेला.

"ती बोलावेल, ती बोलावेल, असं मी सगळ्यांना सांगते," ती म्हणाली. तो दणदणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "पण बोलावायला मीच सांगितलं होतं. ती तापात होती, एकटी जायला घाबरत होती. मी म्हटलं, तू पुढे हो. हाक मार, मी लगेच येते."

मग तिने त्या गुळगुळीत कानाशी तोंड नेलं आणि आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटली.

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"म्हटलं, मला यायला आता खूप उशीर होणार आहे. तू खेळत राहा."